इडिटारोड: अंतर राहू द्या, घाई आवरा

मार्च २०२२. अलास्काच्या पश्चिम किनाऱ्यावर, शेवटचा टप्पा असलेले नोम गाव जेमतेम शंभर-सव्वाशे किलोमीटरवर आलेले असताना, इडिटारोड या कुत्र्यांच्या बर्फगाड्यांच्या शर्यतीतल्या काही स्पर्धकांना वादळाने गाठले. वारा असा की पुढची वाट दिसणे मुश्कील. मिले पोर्सिल्ड आणि मिशेल फिलिप्स या दोघींनी वाटेतल्या लाकडी निवाऱ्याचा आसरा घेतला आणि कुत्र्यांनाही आत घेतले. रायली डाइक या तिसऱ्या स्पर्धकानेही तेच केले. तिघे पुढे सुखरूप नोमला पोचले. त्यानंतर अधिकाऱ्यांनी नियमावली उघडली. पोर्सिल्डला चौदाव्या क्रमांकावरून सतराव्यावर ढकलले, फिलिप्सलाही खाली आणले आणि डाइकला हजार डॉलर दंड झाला. कारण, पशुवैद्यकीय तपासणी किंवा उपचार सोडले तर कुत्र्यांना छपराखाली नेण्यास मनाई आहे. आडोशाला विसावलेले कुत्रे पुढे ताजेतवाने पळतात, म्हणजे हा इतरांवर अन्याय, असा तो हिशेब.

निर्णय नियमाला धरून होता. म्हणूनच तो मला जास्त खुपतो. एखाद्या अधिकाऱ्याची लहर असती तर सोडून देता आले असते. पण जिथे भर वादळात मुक्या जनावराला आडोसा देणे हा ‘गैरफायदा’ ठरतो, तिथे खेळाची मोजपट्टीच तपासायला हवी. इडिटारोड बंद करा, अशी मागणी गेली अनेक वर्षे होते आहे. मी त्या बाजूचा नाही. ही शर्यत टिकावी असे मला मनापासून वाटते. पण आज आहे त्या रूपात नाही. सोळाशे किलोमीटरचे अंतर कुत्र्यांच्या जिवावर उठत नाही; ते नऊ दिवसांत संपवण्याची घाई उठते. अंतर ठेवून घाई काढता येते, आणि ते करायला आता उशीर होतो आहे.

ही शर्यत कशासाठी सुरू झाली ते आधी पाहू, कारण दोन्ही बाजूंचे लोक हा इतिहास आपापल्या सोयीने सांगतात. जानेवारी १९२५ मध्ये नोममध्ये घटसर्पाची साथ आली. गावात एकच डॉक्टर, कर्टिस वेल्च, आणि त्यांच्याकडचे या रोगावरचे औषध मुदत उलटून गेलेले. समुद्र गोठलेला, विमानाचा भरवसा नाही. तेव्हा नेनाना या रेल्वे स्थानकापासून नोमपर्यंतचे सुमारे १०८५ किलोमीटर अंतर वीस गाडीवानांनी आणि दीडशेच्या आसपास कुत्र्यांनी टप्प्याटप्प्याने, साडेपाच दिवसांत पार केले आणि औषध पोचवले. त्या वीसांतले बरेचसे स्थानिक आदिवासी होते. त्यांची नावे फारशी कोणाला माहीत नाहीत. शेवटच्या टप्प्यातल्या बाल्टो या कुत्र्याचा पुतळा मात्र त्याच वर्षी न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कात उभा राहिला. सर्वांत लांब आणि सर्वांत धोक्याचा पल्ला, तोही गोठलेल्या समुद्राच्या भेगाळत्या बर्फावरून, लिओनार्ड सेप्पाला आणि त्याच्या टोगो या कुत्र्याने मारला होता.

इडिटारोड त्या दौडीची पुनरावृत्ती आहे, असे सर्रास सांगितले जाते. ते अर्धेच खरे. शर्यतीचा जन्म खरा झाला तो १९६० नंतरच्या दशकात गावागावांत आलेल्या स्नोमोबाइलमुळे. बर्फावर धावणारी ही मोटर आली आणि अलास्काच्या आतल्या गावांतून कुत्र्यांचे संघ भराभर नाहीसे झाले. ज्या अंगणात डझनभर कुत्रे बांधलेले असत, तिथे एक यंत्र आणि पेट्रोलचे पिंप उभे राहिले. जो रेडिंग्टन या गाडीवानाला याची खंत होती. डोरोथी पेज यांच्या पुढाकाराने १९६७ मध्ये जुन्या इडिटारोड वाटेच्या छोट्या भागावर एक शर्यत झाली होती. रेडिंग्टनने तीच कल्पना थेट नोमपर्यंत ताणली. १९७३ मध्ये अँकरेजहून ३४ जण निघाले, २२ पोचले. विजेता डिक विल्मार्थ. त्याला वीस दिवस लागले.

वीस दिवस. हा आकडा लक्षात असू द्यावा.

ही वाट काय आहे, याची कल्पना नकाशावरून येत नाही. अलास्का पर्वतरांगेतली रेनी पास ही खिंड ओलांडायची, मग डाल्झेल घळीतून, कधी उघड्या पाण्याच्या कडेने, गाडी सांभाळत उतरायचे. पुढे जळालेल्या जंगलाचा उजाड पट्टा. मग युकॉन नदी: गोठलेले, रुंद, वाऱ्याला सताड उघडे पात्र, ज्यावर दिवसच्या दिवस जातात. काल्टागहून पात्र सोडून समुद्राकडे वळायचे, उनालाक्लीटला किनारा लागतो आणि तिथून नॉर्टन साउंडचा बर्फ. वाटेत मूस हे हरणाच्या कुळातले प्रचंड जनावर आडवे येऊ शकते. टणक वाट सोडून खोल बर्फात उतरायला ते तयार नसते आणि कुत्र्यांना लांडगे समजून तुडवते. १९८५ मध्ये सुझन बुचर आघाडीवर असताना अशाच एका मूसने तिचे दोन कुत्रे मारले, बाकीचे जखमी केले. तिला शर्यत सोडावी लागली. पुढे ती चारदा जिंकली.

मला मात्र या शर्यतीतले सर्वांत मोठे कौशल्य पळण्यात दिसत नाही, थांबण्यात दिसते. संघ मुक्कामी येतो तेव्हा गाडीवान, म्हणजे मशर, स्वतः सहा तासांचा थकलेला असतो. तरी पहिले काम कुत्र्यांचे. एकेकाच्या चारही पावलांचे कापडी मोजे सोडवायचे. पंजांत बर्फाचे गोळे अडकून कातडी फाटू नये म्हणून हे मोजे घालतात. चौदा कुत्रे म्हणजे छप्पन्न मोजे, तेही उणे तीस तापमानात, उघड्या बोटांनी. मग गवताची गासडी फोडून प्रत्येकाखाली अंथरायचे. अल्कोहोलवर चालणारी शेगडी पेटवून बर्फ वितळवायचा, त्या पाण्यात गोठलेले मांस, चरबी आणि कोरडे खाद्य भिजवून प्रत्येकाच्या पुढ्यात वाढायचे. कोण खातो, कोण तोंड फिरवतो, हे बघायचे. मग मनगटे चोळायची, पंजांना मलम लावायचे. जो कुत्रा लंगडतो किंवा खात नाही त्याला पशुवैद्यकांच्या स्वाधीन करायचे. तिथून स्वयंसेवी वैमानिक छोट्या विमानांतून त्याला परत नेतात. एवढे झाल्यावर माणसाने झोपायचे. तास, फार तर दोन तास. हे सगळे दिवसातून दोनदा, सलग आठवडाभराहून अधिक. जनावराशी असे नाते आज जगात फार थोड्या ठिकाणी उरले आहे, आणि ही शर्यत टिकावी असे मी म्हणतो त्याचे मुख्य कारण हेच आहे.

पण याच कौशल्यावर घड्याळाने घाला घातला. १९७५ मध्ये रूबी गावच्या एमिट पीटर्सने साडेचौदा दिवसांत नोम गाठले, म्हणजे आधीच्या वेळेतून जवळजवळ सहा दिवस एका फटक्यात कमी. १९९० नंतरच्या दशकात दहा दिवसांची वेस ओलांडली गेली. २०११ मध्ये कोत्झेब्यूच्या जॉन बेकरने पावणेनऊ दिवसांत शर्यत जिंकली. २०१७ मध्ये फेअरबँक्सहून सुटलेल्या वाटेवर मिच सीव्हीने आठ दिवस आणि काही तासांत. यातला बराचसा वेळ चांगल्या कारणांनी वाचला, हे मान्य केले पाहिजे: आता वाट आधी यंत्राने दाबून ठेवतात, गाड्या हलक्या झाल्या, आहाराचे शास्त्र कळले, कुत्र्यांची पैदास पारखून होते. तेवढ्यावर थांबले असते तर तक्रार नव्हती. पुढे मात्र वेळ वाचवायला एकच जागा उरली, ती विश्रांतीची. पूर्वी सहा तास पळायचे, सहा तास थांबायचे, असा साधारण ठोकताळा असे. आता धावण्याचा टप्पा लांबवायचा आणि थांबा आखूड करायचा, ही चतुराई समजली जाते. २००८ मध्ये ईलिम गावात जेफ किंग झोपलेला असताना लान्स मॅकी चुपचाप निसटला आणि जिंकला. हा किस्सा आजही कौतुकाने सांगतात. मॅकी विलक्षण माणूस होता, कर्करोगातून उठून लागोपाठ चार वर्षे ही शर्यत जिंकणारा. त्याच्याबद्दल मला आदर आहे. पण जिथे प्रतिस्पर्ध्याची एक डुलकी निर्णायक ठरते, तिथे विश्रांती ही कर्तव्याची गोष्ट न राहता जुगाराची होते. आणि त्या जुगारात डावावर लागतात ते कुत्रे.

नियमाने सक्तीची विश्रांती आहे तरी किती? कुठेतरी एकदा चोवीस तास, युकॉनवर आठ तास आणि व्हाइट माउंटनला आठ तास. नऊ दिवसांच्या म्हणजे दोनशेसोळा तासांच्या शर्यतीत चाळीस तास. बाकी सगळे मशरच्या विवेकावर. बहुतेकांचा विवेक शाबूत असतो, हे मी मानतो. पण पहिल्या क्रमांकाचे पन्नास हजार डॉलरहून अधिकचे बक्षीस, वर्षभराचा कुत्र्यांचा खर्च आणि पुढच्या हंगामाचे प्रायोजक हे सारे ज्याच्या मानगुटीवर बसले आहे, त्याच्या विवेकावर सगळा भार टाकणे बरोबर नाही.

शर्यतीचे समर्थक यावर हमखास सांगतात: कुत्र्यांना पळायलाच आवडते. हे खरे आहे, आणि ज्याने सुटण्याआधीचा संघ पाहिला त्याला ते नाकारता येणार नाही. कुत्रे उड्या मारतात, भुंकून आकाश डोक्यावर घेतात, पट्टे ताणून उभे राहतात. गाडी जागेवर धरून ठेवायला चार-पाच माणसे लागतात. चाबूक मारून हे होत नाही. मारून कुत्र्यांचा संघ हजार मैल नेताच येत नाही. २०१९ मध्ये निकोलस पेटिट तासन्तास आघाडीवर होता. शाक्टूलिकच्या पुढे त्याने एका कुत्र्यावर आवाज चढवला, आणि संघ बसला तो बसलाच. आघाडी गेली, शर्यत गेली. कुत्र्याला ‘नाही’ म्हणता येते, याचा इतका ढळढळीत पुरावा दुसरा नसेल.

तरीही ‘त्यांना आवडते’ हे पूर्ण उत्तर होत नाही. कुत्र्याला पळणे कळते, अंतर कळत नाही. नोम किती लांब आहे, आज किती राखून ठेवायचे, पोटात काय बिघडते आहे, याचा हिशेब तो करत नाही. तो हिशेब गाडीवर उभ्या असलेल्या माणसाने करायचा असतो. कुत्र्याचा उत्साह ही माणसाला मिळालेली परवानगी नाही. ती त्याच्यावर पडलेली जबाबदारी आहे. उत्साह जितका मोठा, तितकी लगाम धरण्याची जबाबदारी मोठी.

या कुत्र्यांचे शरीर थक्क करणारे आहे, यात वाद नाही. वीस-पंचवीस किलोचा अलास्कन हस्की शर्यतीत दिवसाला दहा हजारांहून अधिक कॅलरी जाळतो. ओक्लाहोमा स्टेट विद्यापीठातल्या मायकल डेव्हिस यांच्या अभ्यासातून दिसले की पहिल्या दिवसाच्या धावेत स्नायूंमधला साठा खाली जातो, पण पुढे पळणे चालू असतानाच तो पुन्हा भरून येऊ लागतो. माणसाच्या बाबतीत असे होत नाही. पण याच संशोधनाची दुसरी बाजू कमी सांगितली जाते: शर्यत संपवलेल्या कुत्र्यांपैकी जवळपास निम्म्यांच्या जठरात व्रण किंवा जखमा आढळल्या. त्यावर उपाय काय निघाला? आम्ल कमी करणाऱ्या गोळ्या. गोळ्या द्याव्यात, अवश्य द्याव्यात. पण निम्म्या धावपटूंच्या पोटात जखमा सापडल्यावर कोणत्याही खेळाने आधी आपला वेग आणि विश्रांती यांचे गणित तपासले असते.

२०२० ते २०२३ या चार वर्षांत शर्यतीत एकही कुत्रा दगावला नाही. या यशाचे श्रेय पशुवैद्यकांना आणि मशरांना दिलेच पाहिजे. मग २०२४ मध्ये तीन कुत्रे गेले. तिघेही दोन-तीन वर्षांचे, ऐन उमेदीतले. त्यांतले किमान दोघे वाटेवर, संघासोबत असतानाच कोसळले. २०२५ मध्ये आणखी एक. प्रत्येक मृत्यूचे कारण घाईच होती, असा दावा मी करत नाही. पण थकलेल्या शरीरातले छोटे बिघाड ज्या थांब्यावर नजरेस येतात, तो थांबा लांब असावा की आखूड, या प्रश्नाचे उत्तर द्यायला शवविच्छेदनाचा अहवाल लागत नाही.

यावर पेटासारख्या प्राणिहक्क संघटनांचे उत्तर सरळ आहे: बंद करा. त्यांच्या मोजणीनुसार सुरुवातीपासून दीडशेहून अधिक कुत्रे मेले आहेत. त्यांच्या दबावाने वेल्स फार्गो बँक, अलास्का एअरलाइन्स, एक्सॉनमोबिल असे मोठे प्रायोजक एकापाठोपाठ बाजूला झाले. २०२३ मध्ये फक्त ३३ संघ सुटले. पन्नास वर्षांतला तो नीचांक होता. बैलगाडा शर्यतीच्या निमित्ताने आपणही या वादाच्या दोन्ही टोकांमधून गेलो आहोत. २०१४ ची सर्वोच्च न्यायालयाची बंदी, २०१७ चा राज्याचा कायदा, २०२३ मध्ये घटनापीठाने दिलेली मान्यता, आणि या साऱ्या काळात ‘परंपरा’ आणि ‘छळ’ या दोन शब्दांची एकमेकांवर चाललेली फेकाफेक. त्यातून एक गोष्ट तरी दिसली: सगळे भांडण बंदी की परवानगी एवढ्यावरच अडकले की जनावराचे उरलेले वर्ष कसे जाते, हा प्रश्न मागे पडतो.

बंदीला माझा विरोध भावनिक नाही. शर्यत गेली तर गावांतले कुत्र्यांचे उरलेसुरले संघही जातील. या गावांतल्या आदिवासी समाजांचे मशर ही शर्यत जिंकत आले आहेत: १९७४ मध्ये कार्ल हंटिंग्टन, मग एमिट पीटर्स. पुढे २०११ मध्ये जॉन बेकर हा पहिला इन्युपियाक विजेता, २०१९ मध्ये बेथेलचा पीट कायझर हा पहिला युपिक विजेता. ज्यांच्या पूर्वजांनी ही गाडी, ही दोरी, ही चाल घडवली, त्यांच्यासाठी हा खेळ शहरातून आलेला नाही. बेथेलमधली कुस्कोक्विम ३०० ही छोटी शर्यत १९८० पासून त्या भागातल्या गावांना संघ पाळायला कारण देत आली आहे. बंदीचा ठराव दूरच्या शहरांतून येईल आणि त्याची किंमत ही गावे मोजतील. शिवाय शर्यत नसताना कुत्रा सुखी होतो असे नाही. शर्यत नसताना तो बहुधा जन्मालाच येत नाही, किंवा कोणाच्याही तपासणीविना कुठेतरी साखळीला बांधलेला राहतो.

मग करायचे काय? काही जण सुचवतात की शर्यतीत किती कुत्रे शेवटपर्यंत पोचले त्यावर गुण द्यावेत. आज सोळा कुत्र्यांनी सुरुवात करून पाच कुत्र्यांनिशी नोम गाठले तरी चालते, हे ऐकल्यावर ही सूचना लगेच पटते. पण ती घातक आहे. कुत्रा मागे ठेवल्याबद्दल गुण कापले गेले तर लंगडणारा कुत्रा पशुवैद्यकाकडे जाणारच नाही. त्याला ओढत पुढे नेण्याचा मोह प्रत्येक मुक्कामाला होईल. आजारी कुत्रा घरी पाठवणे फुकटच असले पाहिजे.

म्हणून हात घालायचा तो वेळेलाच. जितके तास पळाल तितके तास थांबाल, हा नियम सर्वांना सारखा करावा. प्रत्येक गाडीवर आता जीपीएस असते. कोण कुठे किती वेळ थांबले हे जगभरातले प्रेक्षक घरबसल्या पाहतात, मग पंचांना ते कठीण कसे? युकॉन क्वेस्ट या तितक्याच लांबीच्या शर्यतीत डॉसन सिटीला छत्तीस तासांचा सक्तीचा मुक्काम असे आणि त्यामुळे ती शर्यत कोणी सोपी म्हटली नाही. विश्रांती सारखी झाली की झोपेची चोरी करून जिंकता येणार नाही. मग जिंकेल तो ज्याचे कुत्रे खाल्लेले, बऱ्या पायांचे आणि खुशीत असतील. वादळात आडोसा देण्यावरची बंदीही तेव्हा निरर्थक ठरेल, कारण थांबलेला वेळ सर्वांचा सारखाच मोजला जाईल.

याला एक आक्षेप येतो, तो गंभीर आहे. दिवस वाढले तर वादळात सापडण्याची शक्यता वाढेल, स्वयंसेवकांचा आणि विमानांचा खर्च वाढेल. वाढेल, खरे. पण २०२५ मध्ये बर्फ कमी म्हणून शर्यत फेअरबँक्सहून, अठराशे किलोमीटरच्या वाटेने न्यावी लागली. विजेत्याला साडेदहा दिवस लागले आणि व्यवस्था कोलमडली नाही. बर्फाअभावी वाट बदलण्याची ही चौथी वेळ, २००३, २०१५ आणि २०१७ नंतर. हवामान बदलते आहे तसे शर्यतीला स्वतःला वाकवावे लागणारच आहे. ती बर्फासाठी वाकते, तर कुत्र्यांसाठीही वाकू शकते.

आणि जे काम शर्यतीच्या आयोजकांच्या हातात नाही, ते राज्याचे आहे. सोळा कुत्रे निवडायला काही मशर डझनावारी कुत्रे पाळतात. शर्यतीच्या दोन आठवड्यांत या सोळांभोवती पशुवैद्यक असतात, रक्ततपासणी होते, हृदयाचा आलेख निघतो. उरलेल्यांचे आणि उरलेल्या पन्नास आठवड्यांचे काय? न निवडलेला, वेगात अर्धा पाऊल कमी पडणारा कुत्रा कुठे जातो? अनेक मशर त्याला मरेपर्यंत सांभाळतात, चांगल्या घरी देतात. पण हे त्यांच्या चांगुलपणावर सोडले आहे. अलास्काच्या प्राणिक्रौर्यविरोधी कायद्यातच लिहिले आहे की सर्वमान्य असलेल्या कुत्रागाडीच्या स्पर्धा आणि प्रथा यांना हे कलम लागू नाही. ‘सर्वमान्य’ म्हणजे कोणाला मान्य, हे कोणी ठरवायचे? जे ती प्रथा चालवतात तेच. ही सूट काढून तिच्या जागी साखळीची लांबी, निवारा, कुत्र्यामागे माणसांचे प्रमाण, निवृत्त कुत्र्यांची नोंद आणि अचानक होणारी तपासणी यांचे लेखी नियम आणावेत. चांगल्या मशरांना यात गमावण्यासारखे काही नाही. त्यांच्या अंगणात हे सगळे आजही आहे. म्हणून ही मागणी राज्याची राजधानी जुनो इथल्या विधिमंडळाकडे सर्वांत आधी त्यांनीच न्यावी.